ओळंबा आणि पारपत्र

खानदेशातील कष्टकऱ्यास परमुलूख म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागले नाही. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या टापूंतील कितीतरी कुटुंबांनी तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या आगगाडीत बसून सुरत गाठली, तेथील मागांवर, कारखान्यांत व बांधकामांवर आपली उमेदीची वर्षे घातली, आणि उधना, लिंबायत अशा वस्त्यांत अहिराणी बोली अशी रुजविली की नव्याने आलेल्या खानदेशी माणसास आपण परप्रांतात उतरलो आहो असे वाटू नये. सातपुड्याच्या पायथ्याची माणसे तर दिवाळी सरली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीस किंवा इमारतींच्या कामास गुजरातेत जातात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. ही वाट जुनी आहे. तिच्या टोकाशी आता एक नवे नाव ऐकू येऊ लागले आहे. इसवी सन २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयी करार केला आणि आरंभी दहा हजार माणसांची गोष्ट बोलली गेली. त्या यादीत परिचारिका होत्या, वीजतंत्री होते, वाहनचालक होते. आणि ज्यांची गणना आमच्या सुशिक्षित समाजाने 'कुशल' या शब्दात क्वचितच केली ते गवंडी, सुतार, नळकारागीर व रंगारीही होते.

या वार्तेने पांढरपेशा घरांत जी चर्चा उत्पन्न केली, तिच्यातूनच प्रस्तुत लेखाचा विषय आम्हांस सुचला. मध्यंतरी जळगावास एका स्नेह्यांकडे जाण्याचा प्रसंग आला. त्यांचा मुलगा जर्मनीत उच्च शिक्षणासाठी गेलेला. शिक्षण सांभाळून आठवड्यातील काही तास तो एका इमारतीवर फरशा बसविण्याच्या कामात मदतनीस म्हणून जातो. घरच्या माउलीने मोठ्या कौतुकाने त्याचे छायाचित्र आम्हांस दाखविले. डोक्यावर पिवळे शिरस्त्राण, गुडघ्यांवर चामड्याच्या गाद्या आणि हाती थापी. "तिकडे कोणत्याही कामाला कमी लेखत नाहीत हो," असे त्या म्हणाल्या, आणि आम्हीही मान डोलावली. त्याच वेळी घराच्या मागील भिंतीस गिलावा चढत होता. चहा झाला तेव्हा आम्हांस चिनी मातीच्या पेल्यांतून मिळाला. मिस्त्रीस व त्याच्या जोडीच्या बिगाऱ्यास तो मागल्या दाराच्या पायरीवर, निराळ्या ठेवलेल्या दोन पत्र्याच्या पेल्यांतून पोहोचविण्यात आला. यजमान मंडळी सज्जन होती व त्यांच्या मनात कोणाविषयी तुच्छता होती असे आम्हांस म्हणवत नाही. आम्ही तो चहा आनंदाने प्यालो, आणि या दोन पेल्यांतील भेद परतीच्या वाटेवर येईपर्यंत आमच्याही ध्यानात आला नाही, हे येथे प्रांजळपणे सांगितलेच पाहिजे.

प्रश्न असा आहे. थापी तीच, माल तोच, पाणसळीतील बुडबुडा दोन्हीकडे मध्यावर आणावयाचा तोच. मग एक हात कौतुकाचा विषय का व्हावा आणि दुसरा मागल्या दाराचा मानकरी का राहावा? आम्ही श्रमास प्रतिष्ठा देतो असे म्हणतो, तेव्हा ती प्रतिष्ठा नेमकी कशास देतो: श्रमास, श्रम करणाऱ्या माणसाच्या कुळास, की ज्या नाण्यात मजुरी मोजली जाते त्या नाण्यास? विषय परदेशातील अर्धवेळ नोकरीचा दिसला, तरी त्याच्या मुळाशी हा नैतिक प्रश्न आहे. आणि १९१६ साली अमळनेरास तत्त्वज्ञान मंदिर उभारणाऱ्या प्रतापशेठजींच्या खानदेशात तो विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की कारागिराने देश ओलांडणे यात नवे असे काहीच नाही. धुळे शहराचेच उदाहरण घ्यावे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अंमलाखाली आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे ठाणे निवडले व तेथे नव्या पेठेची आखणी केली. कचेऱ्या उभारण्यास लागणारे कारागीर तेव्हा दूरदूरच्या गावांहून आणावे लागले, आणि जो येऊन घर बांधील त्यास जागा देण्यात आली. म्हणजे धुळ्याचे सरळ रस्ते ज्यांच्या हातांनी उभे राहिले ते त्या काळच्या अर्थाने परदेशीच होते. फरकांड्याचे मनोरे, एक हलविला असता दुसरा हलत असे अशी ज्यांची ख्याती, किंवा तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाचे देऊळ, हीही अशाच हातांची कामे असली पाहिजेत. कारण उत्तम घडवणाऱ्यास एका गावात जन्मभर पुरेल एवढे काम मिळत नाही. दगड खाणीत असतो, पण पाथरवटास वाट चालावी लागते.

या प्रांतात बांधकाम आणि विद्या यांचे नाते एके काळी किती जवळचे होते याचाही एक पुरावा आहे. चाळीसगावाजवळील पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचे त्यावरून कळते. ज्या लीलावतीचे अध्ययन तेथे होत असेल तीत 'चिती' नावाचे एक प्रकरण आहे. विटांच्या राशीचे घनफळ एका विटेच्या घनफळाने भागिले म्हणजे विटांची संख्या येते, आणि राशीची उंची विटेच्या उंचीने भागिली म्हणजे थर निघतात, असे ते गणित. त्यापुढे लाकूड करवतीने कापण्याचेही गणित आहे. ज्योतिर्विदांत अग्रगण्य अशा पंडिताला वीट आणि करवत ही अक्षरविद्येच्या बाहेरची वाटली नाहीत. पण पुढे काय झाले? पंडिताच्या घरी विटेचे गणित राहिले आणि वीट मात्र दुसऱ्याच्या हाती राहिली. बेलदार, वडार, पाथरवट, सुतार यांच्या जाती झाल्या. त्यांचे ज्ञान बापाकडून मुलाकडे हातातून हातात गेले, कागदावर कधी उतरले नाही. ज्यांच्यापाशी अक्षर होते त्यांनी त्यांच्याविषयी काही लिहून ठेवले नाही. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि आरंभीच्या काळात त्यांनी धुळ्याकडे काम केले, ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो व ती सांगावीही. परंतु त्यांच्या आराखड्यावरून ज्यांनी चुना कालविला व दगड बसविले त्यांपैकी एकाचेही नाव आम्हांस सांगता यावयाचे नाही.

हा भेद आजवर आमच्या गावकीत खपून गेला, कारण येथे मिस्त्रीस त्याच्या कामावरून ओळखीत. अमक्याचे घर कोणी बांधले असे विचारावे, जाऊन भिंत पाहावी, आणि त्याच मिस्त्रीस बोलावणे धाडावे. ती भिंत हेच त्याचे प्रमाणपत्र होते. परंतु भिंत समुद्रापलीकडे नेता येत नाही. तेथे कागद न्यावा लागतो, आणि नेमका तोच त्याच्यापाशी नाही.

या ठिकाणी युरोपातील व्यवस्थेची थोडी माहिती देणे अगत्याचे आहे. जर्मनीने १ जून २०२४ पासून 'शान्सेनकार्टे' म्हणजे संधिपत्र नावाचा एक परवाना सुरू केला. नोकरी हाती नसताही तेथे जाऊन ती शोधण्यास त्याने एक वर्षापर्यंतची मुदत मिळते. आणि त्या शोधाच्या काळात उदरनिर्वाहासाठी आठवड्यास २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करण्याची मुभा असते. एखाद्या मालकाकडे दोन आठवड्यांपर्यंत चाचणीदाखल काम करून दाखविण्याचीही सोय त्यात आहे. ही शेवटची सोय वाचून आम्हांस बरे वाटले, कारण ती आमच्या जुन्या गावकीच्या न्यायाची आहे: हात पाहावा आणि मग माणूस ठेवावा. पण त्या चाचणीच्या दारापर्यंत पोहोचावयाचे तर आधी दुसरी दारे उघडावी लागतात. ज्यांची पदवी वा प्रशिक्षण जर्मनीत पूर्णपणे मान्य झालेले नाही अशांस किमान दोन वर्षांचे, स्वदेशात मान्यता असलेले व्यवसायशिक्षण किंवा विद्यापीठाची पदवी दाखवावी लागते. जर्मन भाषेची पहिली पायरी किंवा इंग्रजीची चांगली जाण लागते. वय, अनुभव इत्यादींचे मिळून किमान सहा गुण भरावे लागतात. आणि वर्षभराचा निर्वाहखर्च आपल्यापाशी आहे असे सिद्ध करावे लागते. हा खर्च २०२५ साली दरमहा १,०९१ युरो धरलेला होता. वर्षाचा हिशेब तेरा हजार युरोंच्या वर जातो, म्हणजे रुपयांत दहा लाखांहून पुष्कळच अधिक.

आता या अटींसमोर धुळ्याचा एखादा तीस वर्षे अनुभवलेला गवंडी उभा करून पाहावा. दोन वर्षांचे प्रमाणपत्र त्याच्याजवळ नाही. त्याने तरुणपणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत गवंडीकामाचा वर्ग केला असता, तरी तो अभ्यासक्रम एका वर्षाचाच. सुतारकाम आणि नळकाम यांचीही तीच गोष्ट. वीजतंत्र्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असल्याने तो तरुण या दारातून आत जाऊ शकतो. गवंडी उंबऱ्यावर अडतो. भाषा म्हणाल तर अहिराणी, मराठी, गुजराती आणि कामापुरती हिंदी अशा चार भाषांत तो व्यवहार करतो, पण त्यांपैकी एकीलाही तेथे गुण नाहीत. राहता राहिले दहा-बारा लाख रुपये. त्यांविषयी बोलावयासच नको. उलट आमच्या स्नेह्यांचा मुलगा, ज्याने येथे असता कधी भिंतीत खिळाही ठोकला नव्हता, तो अक्षराच्या बळावर तेथे पोहोचला आणि थापी धरावयास तेथे शिकला. ज्याच्यापाशी हात होता तो राहिला, आणि ज्याच्यापाशी कागद होता तो जाऊन हात कमावू लागला. यात त्या मुलाचा काडीमात्र दोष नाही. त्याने जे केले ते आम्हांस स्तुत्यच वाटते. पण ही विपरीतता आमच्याच जुन्या व्यवस्थेचे फळ आहे, हे नाकारता यावयाचे नाही.

परदेशी नेता येण्यासारखे कौशल्य म्हणजे काय, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. बांधकामापुरते त्याचे उत्तर सोपे आहे. ओळंबा सोडला की तो पृथ्वीच्या मध्याकडे जातो, मग गाव पारोळे असो की स्टुटगार्ट. गुण्याने काटकोन पाहणे, पाणसळीने पातळी घेणे, कोरड्या विटेस आधी पाणी पाजणे, सांधे उलटसुलट घेणे, मापात चूक होण्यापूर्वी ती डोळ्यास कळणे, हे सारे सोबत जाते. धाब्याच्या घरावर कोणती माती किती जाड पसरावी हे ज्ञान जात नाही. तेथील थंडी अडविण्यासाठी भिंतीस आतून-बाहेरून काय लावावे हे नव्याने शिकावे लागते. भाषा जात नाही. आणि सर्वांत न जाणारी वस्तू म्हणजे साक्ष. हा मनुष्य सच्चा कारागीर आहे असे म्हणणारा कोणी तरी असावा लागतो, आणि त्याचे म्हणणे पलीकडच्यास पटावे लागते.

जर्मनीत ही साक्ष पुरविण्याची फार जुनी रीत आहे. तेथे गवंड्याचे शिक्षण तीन वर्षांचे असते. ते संपल्यावर काही तरुण अद्यापि जुन्या प्रघाताप्रमाणे तीन वर्षे आणि एक दिवस भ्रमंतीस निघतात. अंगावर काळा पोशाख, डोक्यावर रुंद काठाची टोपी; स्वतःच्या गावाच्या पन्नास किलोमीटरांच्या आत पाऊल टाकावयाचे नाही; मिळेल तेथे काम करावयाचे आणि पुढे चालावयाचे. आमच्या वारकऱ्याच्या पडशीप्रमाणे त्यांच्याही पाठीस थोडकेच सामान असते. त्यात एक वही असते आणि तीत गावोगावचे शिक्के उमटविलेले असतात. कारागिराने परमुलखात जाणे हे त्या समाजाने शिक्षणाचेच एक अंग मानले, आणि त्याच्या हाती वही देऊन त्याच्या भ्रमणाची नोंद ठेविली. आमच्याकडचा मिस्त्री त्याहून अधिक हिंडला: सुरत, नाशिक, ठाणे, कोठे कोठे त्याने मजले चढविले नसतील! पण त्याच्या वहीवर शिक्का मारण्यास आम्ही कोणी पुढे झालो नाही. किंबहुना वहीच दिली नाही.

कायद्याने काहीच केले नाही असे मात्र नव्हे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्र सरकारने कायदा केला, बांधकामखर्चावर उपकर बसविला, आणि कल्याण मंडळात नोंदणीची सोय केली. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला ही त्या नोंदणीची अट. अट फार कठीण नव्हती. परंतु दाखल्यावर सही करावयाची म्हणजे ठेकेदाराच्या मनात हिशेबाच्या व जबाबदारीच्या शंका उभ्या राहत, आणि घरमालकाला तर असा काही कागद असतो हेच ठाऊक नसे. पुढे २०१५ नंतर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, जे अनुभवाने शिकले त्यांची परीक्षा घेऊन त्यांस प्रमाणपत्र देण्याचीही तरतूद झाली. हा मार्ग योग्य दिशेचा आहे. पण अल्प मुदतीचे असे प्रमाणपत्र युरोपातील दोन वर्षांच्या शिक्षणाच्या अटीस पुरे पडत नाही. येथे शासनाने आणखी पुष्कळ करावयाचे आहे. आम्हांस मात्र या लेखात शासनापेक्षा आपल्या घरांविषयी बोलावयाचे आहे.

येथे दोन आक्षेप येण्याजोगे आहेत, आणि ते दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, तिकडील श्रमास आम्ही जो मान देतो तो केवळ युरोचा मान नव्हे. तेथे कामाचे तास ठरलेले असतात, डोक्यावर शिरस्त्राण असते, परांचीस कठडा असतो, आजारी पडले तर मजुरी बुडत नाही, आणि किमान वेतन कायद्याने बांधलेले असते. ते काम आणि येथील काम ही दिसावयास एक असली तरी वस्तुतः निराळी आहेत. म्हणून त्यांचा मानही निराळा. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही मनःपूर्वक मान्य करतो. पण ते मान्य केल्यावर निष्कर्ष कोणता निघतो? जे आम्हांस तेथे आदरणीय वाटते ते जर कठडा, शिरस्त्राण, ठरलेले तास आणि आजारपणातील मजुरी असेल, तर या वस्तू जर्मनीच्या मातीत उगवणाऱ्या नाहीत. जळगावच्या उन्हात, वैशाखात, दुपारी दोन तास काम थांबवावे असे सांगण्यास घरमालकाला कोणाचा प्रतिबंध आहे? परांचीला एक आडवी वळी अधिक बांधा आणि तिचे पैसे आमच्याकडून घ्या, असे आपल्यापैकी किती जणांनी ठेकेदारास सांगितले? मुलाच्या डोक्यावरील पिवळे शिरस्त्राण पाहून ज्या माउलीचा जीव निश्चिंत होतो, तिच्याच मागल्या दारी उघड्या डोक्याने परांचीवर चढलेला कोणा दुसऱ्या माउलीचा मुलगा असतो. आक्षेपकाने आपली बाजू मांडता मांडता आमचीच बाजू बळकट केली आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा आहे. कारागीर असे परदेशी जाऊ लागले तर आमच्या गावांची घरे कोणी बांधावी? आपल्या मातीशी त्यांचे काही कर्तव्य नाही काय? हा प्रश्न ऐकावयास उदात्त वाटतो. परंतु तो कोणास विचारला जातो याकडे लक्ष द्यावे. आमच्या घरचा स्थापत्यविशारद अमेरिकेस गेला, वैद्य इंग्लंडास गेला, संगणकाचा जाणकार कोठे कोठे गेला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्या वेळी मातीचे ऋण कोणास आठवले नाही. मग ते ऋण गवंड्याच्याच खाती का मांडावे? ज्या कर्तव्याचे ओझे केवळ दुर्बळाच्या डोक्यावर ठेविले जाते त्यास कर्तव्य म्हणता येत नाही. शिवाय समुद्र ओलांडल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागण्याचा काळ फार जुना नाही. तो बंध सुशिक्षितांनी आपल्यापुरता तोडला, आणि आता तोच बंध देशप्रेमाच्या नावाने दुसऱ्यासाठी वळू नये. राहावे असे वाटेल एवढी मजुरी, सुरक्षितता आणि मान जर आम्ही दिला, तर बहुतेक माणसे राहतील. आणि तेवढे देऊनही ज्यास जावेसे वाटेल त्याने अवश्य जावे.

जाणाऱ्या तरुणांसही चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण या वाटेवर आशेइतकीच फसवणूकही आहे. अर्धवेळ कामाचा हिशेब डोळे उघडे ठेवून करावा. जर्मनीत २०२५ साली किमान वेतन ताशी १२.८२ युरो होते. आठवड्यास २० तास धरले तर २५६ युरो, आणि महिन्याचे सुमारे अकराशे. निर्वाहासाठी तेथील सरकार जी रक्कम आवश्यक मानते तीही साधारण तेवढीच. याचा अर्थ असा की अर्धवेळ काम माणसास तेथे उभे राहू देते; गावी पैसे धाडू देत नाही, आणि शेत गहाण टाकून काढलेले कर्ज तर मुळीच फेडू देत नाही. ते काम म्हणजे उंबरठा आहे. त्यावर उभे राहून भाषा शिकावी, तेथील रीती पाहाव्या, आणि पूर्ण वेळेचे, मान्यताप्राप्त काम शोधावे. ज्यास कोणी दलाल अर्धवेळ कामावर दोन वर्षांत बंगला बांधून देतो त्याने समजावे की बंगला दलालाचा बांधला जाणार आहे. भारतात १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी भरती करणाऱ्याने सरकारदरबारी नोंदणी केलेली असावी लागते, आणि उमेदवाराकडून घ्यावयाच्या शुल्कास तीस हजार रुपये व वरचा कर एवढी मर्यादा आहे. लाखांची भाषा करणाऱ्याच्या दारातून, तसेच पर्यटनाच्या परवान्यावर कामास नेतो म्हणणाऱ्याच्या दारातून, तत्काळ परत फिरावे. अशा परवान्यावर केलेले काम बेकायदा ठरते, आणि ज्यास कायद्याचे संरक्षण नाही त्यास तेथील कठडा व शिरस्त्राणही मिळतेच असे नाही.

आणि सुशिक्षित घरांतील जे तरुण तेथे जाऊन थापी धरतात त्यांस आमची एकच विनंती आहे. तेथे जे शिकाल ते येताना विसरू नका. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, ही गोष्ट आपणांस ठाऊक असेल. बाहेरच्या कर्मास आतल्या मनाची जोड मिळाली म्हणजे कर्माचे ओझे राहत नाही, असा विचार त्यांत मांडलेला आहे. दंडा-बेड्यांच्या त्या जागेत, जेथे कष्ट ही शिक्षा म्हणून दिली जाते तेथे, हा विचार सांगितला गेला, म्हणून त्यास विशेष वजन आहे. परदेशातील अर्धवेळ मजुरी जर तुम्ही 'चार दिवसांची अडचण' म्हणून नाक मुरडून केलीत, तर तिच्यातून फक्त युरो मिळतील. मन लावून केलीत, तर आपल्या घराच्या मागल्या दारी जो मनुष्य आयुष्यभर तेच करीत आला आहे तो तुम्हांस प्रथमच दिसू लागेल. सुट्टीत घरी याल तेव्हा त्याच्याशी दोन घटका बोला. सांधा कसा भरावा याविषयी तुम्ही त्यास विचाराल आणि तो तुमच्या हातातील थापीची पकड सुधारून देईल, तेव्हा तुमच्या परदेशगमनाचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू.

आता उरतो आम्हां घरी बसणाऱ्यांचा प्रश्न. आमचे घर ज्याने बांधले त्याचे पूर्ण नाव आम्हांस ठाऊक आहे काय? काम संपल्यावर, अमुक दिवस अमुक काम याने उत्तम केले, असे दोन ओळींचे पत्र सही-तारखेनिशी आम्ही त्यास दिले काय? नोंदणीसाठी लागणारा दाखला मिळविण्यात ठेकेदाराची टाळाटाळ मोडून काढण्यास आम्ही त्याच्यासोबत कचेरीत गेलो काय? त्याच्या मुलास दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास घालण्यासाठी अर्ज भरावयास आमच्या घरातील कोणी बसले काय? या चारही गोष्टींस पैसा लागत नाही; अक्षर लागते, आणि तेच तेवढे आमच्यापाशी पिढ्यान्‌पिढ्या भरपूर आहे. ज्या अक्षराने आजवर या माणसांची नोंद ठेविली नाही त्याच्याकडून एवढी परतफेड अपेक्षिणे अवाजवी नव्हे.

जळगावाहून परत येताना आम्ही मनाशी ठरविले होते की पुढच्या खेपेस त्या मिस्त्रीशी बोलावे. महिन्याभराने गेलो तेव्हा भिंत पुरी झाली होती व रंगही लागला होता. ओळंब्यात तंतोतंत उभी, हात फिरविला तर कोठे उंचवटा लागू नये अशी ती भिंत. "फार चांगले काम केले," असे आम्ही यजमानांस म्हटले आणि मिस्त्रीचे नाव विचारले. त्यांनी आठवून पाहिले. आत जाऊन विचारून आले. घरात ते कोणासच सांगता आले नाही.